वनटेकचा रिमेक

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळात कुणाच्याही घरी बारसं असो, वाढदिवस असो की डोहाळजेवण, एक माणूस व्हिडिओ कॅमेरा घेऊन कोपऱ्यात उभा असायचा आणि तो कुणालाही, कधीही 'परत एकदा' म्हणायचा नाही. केक कापताना त्याची कॅसेट संपलेली असली, तर केक हुकला. ओवाळताना कुणाची पाठ आडवी आली, तर त्या टेपमध्ये कायमची ती पाठ. यजमानीण हिरमुसून म्हणायची, 'अहो, परत ओवाळते ना, काय बिघडलं?' त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. 'नको, वहिनी. दुसऱ्यांदा माणूस खोटं ओवाळते.' मुलांनी त्यांना वनटेक काका म्हणायला सुरुवात केली आणि वर्षभरात मोठ्यांच्या तोंडीही तेच बसलं. खरं आडनाव मेश्राम. नागपूरचे. आठवडाभर एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गोळ्या तपासायचे आणि शनिवार-रविवार आमचे समारंभ हौसेनं टिपायचे.

अशा माणसाच्या नावावर जगात एकच चित्रपट आहे, आणि तो रिमेक आहे. तो कसा झाला हे आठवलं की मला अजून किळस येते. थोडी डॉक्टरांची, थोडी मंडळाची आणि बरीचशी माझी स्वतःची, कारण ही सोयरीक मी जुळवली होती. तेव्हा मी मंडळाची सेक्रेटरी होते आणि माझ्यावाचून मंडळाचं पान हलत नाही अशी माझी समजूत होती.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाची टेप त्यांनी आणून दिली. आम्ही सगळे मोठ्या उत्साहानं बघायला बसलो, तर चाळीस मिनिटांत केक कुठेच नाही. बुटांच्या ढिगाऱ्यात आपला एक बूट शोधणारी माझी मुलगी होती. फुग्याची गाठ दातांनी सोडवणारा शेजारचा पोरगा होता. आणि स्वयंपाकघरात एकट्याच बसून, वापरलेल्या कागदी प्लेटा धुऊन, पुसून, एकावर एक रचणाऱ्या माझ्या सासूबाई होत्या. मी मेश्रामांना फोन करून चांगलं फैलावर घेतलं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, 'केक सगळ्यांकडे सारखाच असते हो.' दुसऱ्या वर्षी सासूबाई सांगलीला वारल्या. आज त्या हलताना-बोलताना दिसतात त्या फक्त त्या टेपमध्ये, प्लेटा पुसताना. तेव्हापासून मी मेश्रामांशी वाद घालणं बंद केलं.

त्यांच्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर ट्रायपॉड बसायचा, सीटबेल्ट लावून. बायको, सुनंदा, मागे. सुनंदा हॉस्पिटलात नर्स होती आणि तिची जीभ तिखट होती. 'माझा इन्शुरन्स आहे, त्याचा नाही. म्हणून तो पुढे,' असं ती सगळ्यांना सांगायची. मुलांचं चित्रण करायचं असलं की मेश्राम सरळ जमिनीवर मांडी घालून बसत. एकदा एका रडक्या मुलीनं त्यांना विचारलं, 'काका, डू आय हॅव टू स्माइल?' ते म्हणाले, 'नॉट ॲट ऑल, बेटा. तुझं रडणं होऊ दे, मी आहे इथंच.' ती मुलगी रडायची थांबली आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिली. असं कुणाचं तरी लक्ष आपल्याकडे आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असणार. आम्ही आईबाप तर तेव्हा समोसे गरम करण्यात गर्क होतो.

त्यांच्या स्वप्नाचा मला पत्ता लागला तो एका रविवारी सकाळी. मी मंडळाचे काही कागद द्यायला त्यांच्याकडे गेले होते. रविवारी सकाळी ते कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावत. तिकडे संध्याकाळ असायची आणि चुलतभावाच्या शेजारच्या दुकानात त्यांची मोठीमाय, म्हणजे आईची थोरली बहीण, फोनपाशी येऊन बसलेली असायची. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. वय ऐंशीच्या घरात. छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, तेव्हा भंडाऱ्याकडच्या आपल्या खेड्यातून ती इतर बायकांबरोबर पायी चालत गेली होती. पुरुष वेगळे गेले, बायका वेगळ्या. त्या बायकांपैकी ती एकटीच आता हयात होती. मेश्रामांना तिच्यावर चित्रपट करायचा होता. तिनं त्या वाटेवरून पुन्हा चालायचं आणि चालता चालता सांगायचं, एवढाच.

त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. म्हातारीचा आवाज खणखणीत. 'आमी अकराजणी निंगालो न् बाराजणी पोचलो,' ती म्हणाली. 'ते बारावी कोन, माईत हाय का तुले?' मी कान टवकारले. तर मेश्राम घाईघाईनं ओरडले, 'थांब, मोठीमाय! आता नको सांगू. मी येतो ना कॅमेरा घेऊन. तेव्हा सांग.' म्हातारी हसली. 'बरं बाप्पा, नाई सांगत.' फोन ठेवल्यावर मी त्यांना वेड्यात काढलं. ते म्हणाले, 'वहिनी, ही गोष्ट तिनं आजवर कुणालाच सांगितली नाही. गोष्ट पहिल्यांदा सांगते ना माणूस, तेव्हा त्याला स्वतःलाच ती दिसत असते. दुसऱ्यांदा नुसती पाठ म्हणते. ती पहिली वेळ मी फोनवर कशी वाया घालवू?' आतून सुनंदा म्हणाली, 'ऐकून घ्या म्हणते मी. कागदावर लिहून घ्या. पण माझं कोण ऐकते इथे!'

मी विचारलं, मग जात का नाही? कॅमेरा आहे, तिकीट काढा आणि निघा. त्यावर त्यांनी आपल्या व्हिडिओ कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, की मला त्या कॅमेऱ्याचीच दया आली. 'हा वाढदिवसाचा कॅमेरा आहे, वहिनी. मोठीमाय फिल्मवर पाहिजे. खऱ्या फिल्मवर. चांगला साउंडवाला पाहिजे, तिची धाप ऐकू आली पाहिजे.' हा त्यांचा हट्ट होता आणि तो चुकीचा होता हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मात्र मला तो थोर वाटला, आणि त्या थोरपणाला आपण हातभार लावावा अशी मला सुरसुरी आली. मी डॉक्टरांकडे गेले.

आमच्या मंडळात डॉक्टर तसे पंधरा-वीस होते, पण नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की एकच. साठच्या दशकात आलेले, हृदयरोगतज्ज्ञ, टेकडीवर घर आणि घरामागे क्रिकेट खेळता येईल एवढं लॉन. मंडळाचा रौप्यमहोत्सव पुढच्या गुढीपाडव्याला होता आणि त्यासाठी डॉक्टरांच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. त्यांच्या साखरपुड्याच्या आठवड्यात त्यांनी आणि काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक मराठी चित्रपट पाहिला होता. तो इथल्या मुलांसाठी परत करायचा, कलरमध्ये. 'ब्लॅक अँड व्हाइट बघत नाहीत यार ही मुलं,' डॉक्टर म्हणाले. मी त्यांना मेश्रामांचं स्वप्न सांगितलं. त्यांनी दोन मिनिटांत व्यवहार ठरवला. 'सिंपल आहे. आधी त्यांनी माझा करायचा, मग मी त्यांचा करून देतो. फिल्म, क्रू, एडिटिंग, सगळं.' मी गाडीत बसून घरी येताना चक्क गाणं म्हणत होते.

त्या मूळ चित्रपटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. जे झालं त्याच्या शेजारी ते नाव ठेवायला माझा हात धजत नाही. शिवणकाम करून मुलीला वाढवणारी एक विधवा आणि तिची एकुलती मैत्रीण, बाजार झाडणारी एक बाई, यांची ती गोष्ट. शेवटी मुलगी शहरात निघून जाते. आई घरी येऊन मशीनवर बसते, सुईत दोरा ओवू लागते. दोनदा चुकते. मग मैत्रीण केरसुणी भिंतीला टेकवते, तिच्या हातातून दोरा घेते आणि ओवून देते. संपला चित्रपट. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी एक शब्द बोलत नाही. मेश्रामांनी तो लहानपणी मोठीमायच्या मांडीवर बसून, शाळेच्या भिंतीवर लावलेल्या पडद्यावर पाहिला होता आणि त्यांना तो सबंध पाठ होता. मी डॉक्टरांची अट सांगितली तेव्हा त्यांनी हातातली कॅसेट डब्यात घातली. मग म्हणाले, 'त्या पिक्चरला काय होते? तो आहे तिथं राहील. आपण केलं काय न् नाही केलं काय.' हे त्यांनी स्वतःला समजावलं होतं. मी ते कळूनही मान डोलावली.

पहिली बैठक डॉक्टरांच्या दिवाणखान्यात झाली. नायिका अर्थातच काकू. डॉक्टरांनी संहिता चाळली आणि त्यांचा चेहरा बदलला. 'अहो, ही विधवा आहे!' मेश्राम म्हणाले, 'हो. मूळ गोष्टच ती आहे.' डॉक्टर म्हणाले, 'ते ठीक आहे हो, पण मी इथे धडधाकट बसलोय आणि माझ्या बायकोला मोकळ्या कपाळानं दाखवायची? माझी नव्वदीची आई बघणार आहे ही टेप. नो वे.' त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि ठराव असा झाला की नवरा मेलेला नाही, बिझनेस टूरवर आहे. शेवटी तो परत येतो आणि सुईत दोरा ओवून देतो. नवऱ्याचं काम डॉक्टर करतील. कमिटीतल्या सहाही जणांना हे पटलं. वर एकानं, हॅपी एंडिंग मुलांसाठी बरं असंही सुचवलं. इतकी वर्षं ज्या चित्रपटाचं नाव काढताच ज्यांचे डोळे भरून येत होते, तीच ही माणसं. हातात पेन होतं म्हणून मी लिहीत राहिले.

मग बाजार झाडणाऱ्या बाईचा विषय निघाला. ते काम कुणालाच नको होतं. सुनंदा तिथेच, मेश्रामांच्या बाजूला, चहाचा कप घेऊन बसली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि हसत म्हणाल्या, 'सुनंदाला द्या ना. तिला तर मेकअपसुद्धा लागायचा नाही.' त्या वाक्यात काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं, काकूंना सोडून, आणि त्यांनाही कळलं नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही. सुनंदानं कप खाली ठेवला. मेश्राम संहितेची पानं उलटत राहिले. मग खालच्या मानेनंच म्हणाले, 'ते पात्र आपण काढून टाकू.' डॉक्टर म्हणाले, 'गुड. फिल्म शॉर्ट होईल.' मी बैठकीचे मिनिट्स लिहीत होते. काकूंचं वाक्य मी मिनिट्समध्ये लिहिलं नाही. माझी बहादुरी तेवढ्यावर आटोपली.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्यांना म्हटलं, 'मेश्राम, सोडून द्या हे. मी सांगते त्यांना.' सुनंदा आधीच गाडीत बसली होती, त्या दिवशी पहिल्यांदा पुढच्या सीटवर. ट्रायपॉड मागे टाकलेला. मेश्राम म्हणाले, 'दसऱ्याला तिकडे शूटिंग करायचं म्हणून सांगितलं त्यांनी. कॅमेरामन बोलून ठेवला आहे मुंबईचा. आता सोडलं तर मोठीमायला काय सांगू?'

उन्हाळाभर दर शनिवारी-रविवारी शूटिंग चाललं. दर घरातल्या एका तरी मुलाला काम मिळालं पाहिजे असा मंडळाचा नियम, त्यामुळे त्या गरीब शिवणकामवालीच्या अंगणात पस्तीस मुलं, पायात पांढरेशुभ्र स्नीकर्स. काकू पैठणी नेसून मशीनवर बसायच्या, कारण साध्या लुगड्यात त्या जाड दिसत. जेवणाची पाळी लावलेली असे. ज्या घरची पाळी त्या घरच्या मुलाचा क्लोजअप, हे कधी आणि कुणी ठरवलं कोण जाणे, पण पाळलं मात्र गेलं. शेवटचा प्रसंग ऑगस्टमध्ये झाला. डॉक्टर सुटकेस घेऊन आले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, दोरा घेतला आणि त्यांना तो ओवता येईना. चष्मा लावायचा नव्हता, आणि त्याशिवाय त्यांना सुई दिसत नव्हती. 'परत एकदा, डॉक्टरसाहेब,' मेश्राम म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्या दुपारी ते त्यांनी नऊ वेळा म्हटले. नवव्यांदा ते म्हणाले तेव्हा मी लॉनच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

आता संपलं, असं आम्हाला वाटलं. मेश्रामांनी दसऱ्याचं तिकीट काढलं, कॅमेरामनला कळवलं. आणि सप्टेंबरअखेरीस डॉक्टरांना वाटलं की चित्रपटात एक गाणं हवं, फॉल कलर्समध्ये. 'मेश्राम, न्यू जर्सीत राहून आपण फॉल दाखवायचा नाही? मुलांना आयडेंटिफाय कसं होणार? पानं एकदा गळली की संपलं. पीक सीझन दोन वीकएंडचाच असतो. तुमची ती आजी कुठे जातेय?' दसरा नेमका त्याच दिवसांत होता. मेश्रामांनी तिकीट पुढे ढकललं. त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. फोनवर मोठीमायचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. 'आता सांगू का रे?' तिनं विचारलं. 'नाई त मी इसरून जाईन.' माझ्या मनात आलं की फोन हिसकावून घ्यावा आणि म्हणावं, सांगा मोठीमाय, मी ऐकते. मी तसं काही केलं नाही. दुसऱ्याच्या घरी असं वागत नाहीत ना! मेश्राम म्हणाले, 'नको. दोन हप्ते थांब. आलोच मी.'

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी डॉक्टरांच्या लॉनवर मेपलची लाल पानं उधळत पोरी नाचत होत्या. सुनंदाची गाडी आली. ती नर्सच्या कपड्यांतच होती. तिनं नवऱ्याच्या जवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मेश्रामांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला, तिच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मोठीमाय पहाटे गेली होती. झोपेतच. डॉक्टर जवळ आले. 'अरेरे. वय किती होतं? ऐंशी? मग सोनं झालं म्हणायचं.' त्यांनी मेश्रामांच्या पाठीवर थोपटलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, 'तेवढं एक कडवं उरकून घेऊ या का? लाइट जातोय.' मला वाटलं, आता तरी हा माणूस कॅमेरा फेकून देईल. मेश्रामांनी ते कडवं पूर्ण केलं. सुनंदा गाडीपाशी उभी राहून बघत होती. गाडीत बसताना ती मला म्हणाली, 'फोनवर ऐकून घेतलं असतं तर? आता ती बारावी कोण होती, कोणाला विचारायचं?'

पाडव्याला एका हायस्कूलच्या सभागृहात रौप्यमहोत्सव झाला. मी समोसे आणि पाट्यांच्या गडबडीत होते, तरी शेवटची दहा मिनिटं आत जाऊन उभी राहिले. पडद्यावर डॉक्टरांनी सुईत दोरा ओवला, काकूंनी त्यांच्या पाया पडून वर पाहिलं, आणि सहाशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. काही बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं होतं, निदान कुणीतरी उठून म्हणेल की हे काय केलंत. कुणी म्हणालं नाही. 'ओरिजिनलपेक्षा फ्रेश वाटला,' असं माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले. डॉक्टरांनी मेश्रामांना स्टेजवर ओढून नेलं, शाल घातली आणि माइकवर जाहीर केलं की आता मंडळ त्यांच्या ड्रीम प्रोजेक्टच्या पाठीशी उभं राहणार. परत टाळ्या.

आणि डॉक्टर शब्दाला जागले, हे मला सांगितलंच पाहिजे. पंधरा दिवसांनी त्यांनी आम्हाला घरी बोलावलं, मेश्रामांना आणि मला. म्हणाले, 'ती आजी गेली हे वाईट झालं, पण त्यानं अडत नाही. रिक्रिएट करू. ही करेल ना मोठीमाय. ॲक्टिंगचा कॉन्फिडन्स आलाय तिला आता.' काकू लाजून हसल्या. मेश्रामांनी विचारलं, 'दीक्षेला सगळ्या पांढऱ्या लुगड्यात होत्या. चालेल का त्यांना?' डॉक्टर म्हणाले, 'ते चालेल, ते हिस्टॉरिकल आहे.' मेश्राम म्हणाले, 'आणि ती बोलेल काय, डॉक्टरसाहेब? बारावी कोण होती, ते मलेच माहीत नाही.' तेव्हा डॉक्टर मनापासून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा अगदी प्रेमळ होता, 'अरे, मग लिहू ना आपण. रायटर बसवू. बारावी कुणीतरी इंटरेस्टिंग घेऊ. एखादी ब्राह्मण विधवा घेतली तर? मेसेज पण जाईल.'

मेश्राम उठले. त्यांनी काकूंना नमस्कार केला, चहा छान झाला होता म्हणाले, आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून ते कुणाच्या बारशाला दिसले नाहीत. जूनमध्ये कळलं, त्यांनी नॉर्थ कॅरोलिनात नोकरी घेतली आहे, कॅरीला चालले आहेत. निघायच्या दिवशी मी पोळ्या आणि कोरडी भाजी बांधून घेऊन गेले. भाड्याचा ट्रक भरला होता. मेश्राम म्हणाले, 'वहिनी, एक काम करा. त्या पिक्चरवरून माझं नाव काढा. बाकी काही नको.' मी हो म्हटलं. अगदी ठणकावून म्हटलं.

कमिटीपुढे मी विषय मांडला. डॉक्टर दुखावले. 'आपण त्यांना मोठं केलं आणि हे असं?' कुणीतरी म्हणालं, दिग्दर्शकाचं नाव नसलं तर विचित्र दिसतं. हात वर झाले, विषय संपला. यात मी खरं म्हणजे कमिटीच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. मूळ टेप माझ्याच घरी होती. दोन व्हीसीआर जोडून कॉप्या मीच काढायची, पाकिटात घालून मीच पाठवायची. नावाची पाटी सात सेकंदांची. एक बटण दाबायचं होतं. मी ते दाबलं नाही, कारण पुढच्या महिन्यात निवडणूक होती आणि मला परत सेक्रेटरी व्हायचं होतं. दोनशेच्या वर कॉप्या मी पाठवल्या, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूपर्यंत. एकदा कॅरीहून मेश्रामांचा फोन आला. तिथल्या मंडळात पहिल्याच दिवशी लोकांनी त्यांना घेरलं होतं, तुम्हीच का ते डायरेक्टर म्हणून. 'तुमची टेप माझ्याआधीच पोचली इथं, वहिनी,' ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. सुनंदा आजकाल काय करते, त्यांच्या बागेत टोमॅटो किती आले, असं काहीबाही बोलले. कॅमेरा विकून टाकला म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. हृदयविकारानं, पन्नाशीही नीट उलटली नव्हती. सुनंदानं मला फोन केला, 'तुम्हाला कळवावं म्हटलं,' एवढंच बोलली. मंडळाला बातमी समजताच ठरलं की श्रद्धांजली म्हणून त्यांच्या चित्रपटाचा शो ठेवायचा. तयारी अर्थातच सेक्रेटरीनं करायची. मी घरी आले, मूळ टेप व्हीसीआरमध्ये घातली आणि पाच वर्षांपूर्वी जे करायला हवं होतं ते केलं. सात सेकंद काळे करायला सात सेकंदच लागतात. शोला पडदा काळा झाला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, 'व्हीसीआरचं ट्रॅकिंग बघा, ट्रॅकिंग!' मग पांढऱ्या स्नीकर्सचे पस्तीस जोड पळत आले आणि लोक रमले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन. 'टेप खराब झालीय का हो? सुरुवातीला मेश्रामांचं नावच गेलं. वाईट दिसलं.' मी म्हटलं, 'टेप चांगली आहे, डॉक्टर. मी पुसलं नाव. त्यांनी मागितलं होतं.' मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, ओरडतील, निदान का म्हणून विचारतील. डॉक्टर म्हणाले, 'असू दे, माझ्याकडे चांगली कॉपी आहे. ती आणून देतो. त्याच्यावरून परत घालता येईल ना?'

मी फोन ठेवला, सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला, आणि मग हे लिहायला बसले. ती टेप अजून दोनशे घरांत आहे आणि ती मीच पाठवलेली आहे. तुमच्याकडे असेल आणि मुलांना दाखवायचीच असेल, तर दाखवा, मी अडवणार नाही. पण आधी सुरुवातीचे सात सेकंद तेवढे पुढे सरकवा. त्या माणसाचा त्या चित्रपटाशी काही संबंध नाही.